पासपोर्टचा नंबर पाठ कर

आकाशवाणीकडून निरोप आला तेव्हा विषय ठरलेला होता, ‘घर सोडून जाताना’. बोलावलं होतं ते कवी म्हणून. समुद्र, विमान, आईच्या डोळ्यांतलं पाणी असं काही मी सांगेन, अशी त्यांची कल्पना असावी. ते सगळं होतंच. पण श्रोतेहो, आमच्या दाभोळ खाडीच्या काठावर परदेशी जाणाऱ्याकडे इतकं नवलाने बघत नाहीत. घरातला एक पुरुष बाहेर असणार हे गृहीतच असतं. कोण आहे एवढंच विचारायचं.

माझे आजोबा जहाजावर आगवाले होते. बॉयलरमध्ये कोळसा टाकायचं काम. दाभोळहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरायचं आणि डोंगरीला गावच्या जमातीची खोली होती तिथे पथारी टाकून जहाजाची वाट बघायची. खलाशाच्या नोकरीच्या नोंदवहीला आमच्याकडे ‘नल्ली’ म्हणत. ती नल्ली आणि एक लोखंडी ट्रंक एवढी त्यांची मिळकत. वडील, म्हणजे अब्बा, १९७६ साली कुवेतला गेले ते ‘द्वारका’ जहाजाच्या डेकवरून. मुंबई, कराची आणि मग आखातातली बंदरं अशी ती फेरी असे. १९८२ साली ती बंद झाली. दादीने अब्बांना विमानाने जा म्हणून फार विनवलं होतं. तिच्या मनात ‘दारा’ होती. १९६१ च्या एप्रिलमध्ये दुबईजवळ ‘दारा’ जहाजावर स्फोट होऊन दोनशेहून जास्त माणसं गेली होती. पण विमानाच्या तिकिटाला पैसे कुठे होते?

जुनी माणसं आणखी एक गोष्ट सांगत. पूर्वी म्हणे आखातात आपलाच रुपया चालायचा. मला ती थाप वाटायची. नंतर कळलं की खरं होतं. १९५९ पासून काही वर्षं रिझर्व्ह बँकेने त्या मुलखासाठी वेगळ्या नोटा छापल्या होत्या. ओमानात तर तो रुपया १९७० पर्यंत होता. म्हणजे आमच्या लोकांना तो प्रदेश परका वाटत नव्हता, यात नवल नाही.

अब्बा कुवेतला एका गॅरेजात मेकॅनिक. दोन वर्षांनी दोन महिने घरी यायचे. येताना सेंटचा वास, नायलॉनच्या साड्या, दूध पावडरीचे डबे, एकदा टेपरेकॉर्डर. तिकडे कसं असतं असं आम्ही विचारलं की म्हणायचे, ‘‘बरं असतं.’’ चौदा वर्षांत याच्यापुढे एक शब्द नाही.

मग २ ऑगस्ट १९९० उजाडला. इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. आमच्या घरात दीड महिना अब्बांची काही खबर नव्हती. आई रोज पोस्टमनच्या वाटेकडे बघत बसायची आणि संध्याकाळी रेडिओला कान लावायची. रेडिओवर आकडे सांगत. लाखाहून जास्त हिंदी माणसं तिकडे अडकली होती. बसमधून बसरा, बगदाद करत जॉर्डनची हद्द, आणि अम्मानहून एअर इंडियाची विमानं. त्यातल्या एका विमानाने अब्बा आले. हातात एक पिशवी. आत एक लुंगी, दाढीचं सामान आणि गॅरेजच्या किल्ल्यांचा जुडगा. किल्ल्या कशाला आणल्या हे त्यांनाही सांगता आलं नाही. मनगटावरचं घड्याळ नव्हतं. आईने विचारलं, तर म्हणाले, ‘‘गर्दीत पडलं.’’

पुढची तीन वर्षं अब्बा घरी होते. माझं बी.ए. झालं. मराठी विषय घेऊन बी.ए. झालेला मुलगा चिपळुणात काय करणार? दोन ठिकाणी शिकवण्या केल्या, एका वखारीत हिशेब लिहिले. बहिणीचं लग्न ठरत आलं होतं. १९९३ च्या जानेवारीत मुंबईत दंगल झाली. त्यानंतर अब्बा मला एकट्याला मुंबईला पाठवायला तयार नव्हते. त्याच अब्बांनी त्याच वर्षी मे महिन्यात जेवता जेवता सांगितलं, ‘‘पासपोर्ट काढ.’’ आईचा हात भातावर तसाच राहिला. पण ती काही बोलली नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच.

आता थोडं त्या पासपोर्टबद्दल. १९८३ साली परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठी कायदा झाला. कमी शिकलेल्या माणसाला आखातात जायचं तर आधी सरकारच्या कचेरीत करार दाखवून मंजुरी घ्यायची. मी पदवीधर, म्हणून माझ्या पासपोर्टवर ‘मंजुरीची गरज नाही’ असा शिक्का पडला. बी.ए.चा मला झालेला हा पहिला फायदा. मी तो शिक्का गावभर दाखवत फिरलो. त्याचा उलटा अर्थ मला पुढे कळला. अडाणी माणसाचा करार निदान एकदा तरी सरकारी टेबलावरून जायचा. माझा करार कोणीच बघितला नाही. एजंटाने दाखवला, मी वाचला, झालं. महिना नऊशे दिरहाम, जेवणाचं आपलं, राहायचं कंपनीचं. दिरहाम तेव्हा साडेआठ रुपयांच्या आसपास होता. आम्ही कितीतरी वेळा गुणाकार करून बघितला. एजंटाला पस्तीस हजार दिले. त्यात आईच्या बांगड्या होत्या आणि बाकी व्याजाने काढलेले.

निघायच्या दिवशी घरात माणसं मावत नव्हती. आईने हिरव्या फडक्यात सव्वा रुपया बांधून माझ्या दंडाला इमामजामिन बांधला. कुराणशरीफाखालून मला तीनदा उंबऱ्याबाहेर काढलं. बॅगेत सोडे, आमसुलं, कैरीचं लोणचं, तांदळाचे पापड. दादी तेव्हा फार थकली होती. तिने मला ‘‘जहाज कधी सुटतं?’’ असं विचारलं. मी विमान म्हणालो, तर म्हणाली, ‘‘तेच.’’

कोकण रेल्वे यायला अजून अवकाश होता. चिपळूणच्या स्टँडवरून रात्रीची एसटी. अब्बा सोडायला आले होते. बाकीच्यांना त्यांनी घरूनच परत पाठवलं. मला वाटलं, आता हे चार शब्द सांगतील. चौदा वर्षं तिकडे काढलेला माणूस. खाण्याचं, उन्हाचं, मालकाचं काहीतरी सांगेल. अब्बांनी चहा मागवला. गाडी लागल्यावर म्हणाले, ‘‘पासपोर्टचा नंबर पाठ केलास?’’

मी म्हटलं, ‘‘पासपोर्ट आहे की खिशात.’’

‘‘नंबर पाठ कर. तारीख पण. कुठून दिलाय ते पण. म्हणून दाखव.’’

मी खिशातून पासपोर्ट काढून वाचायला लागलो. त्यांनी तो हातातून घेतला आणि म्हणाले, ‘‘न बघता.’’ कंडक्टर घंटी मारेपर्यंत त्यांनी माझ्याकडून चार वेळा म्हणवून घेतलं. पाढे म्हणवून घ्यावेत तसं. मला रागच आला होता. गाडी कशेडी घाटात चढेपर्यंत तो राग गेला नव्हता.

डोंगरीच्या खोलीत तीन रात्री काढल्या. भिंतीकडेने ट्रंका रचलेल्या. एका ट्रंकेवर आजोबांचं नाव होतं, रंग उडालेलं. ते जाऊन वीस वर्षं झाली होती, पण ट्रंक कोणी हलवली नव्हती. मी तिच्यावरच डोकं टेकून झोपलो.

सहारच्या विमानतळावर माझ्यासारखेच शंभरएक जण. तेव्हा बाहेर जाताना एक कार्ड भरून द्यावं लागायचं. नाव, पासपोर्टचा नंबर, कुठे चाललात. शेजारच्याने ते माझ्यापुढे धरलं, ‘‘भाई, जरा लिख दो.’’ त्याचं झालं तर दुसऱ्याने धरलं. अकरा जणांची कार्डं मी भरली. त्यात एक साताऱ्याचा होता, तो मराठीत बोलल्यावर एवढा खूश झाला की त्याने मला पिशवीतून लाडू काढून दिला. विमानाचं मला फार काही आठवत नाही. खाली अंधार होता. हवाईसुंदरीने दिलेलं जेवण विकत घ्यायचं असतं असं वाटून माझ्यापुढच्या रांगेतल्या दोघांनी नको म्हणून सांगितलं, आणि नंतर फुकट आहे हे कळल्यावर मागायची त्यांना लाज वाटली. ते दोघं उपाशीच उतरले.

दुबईला उतरल्यावर घड्याळं दीड तास मागे केली. बाहेर कंपनीचा माणूस उभा होता. तिकडे त्याला ‘मंदूब’ म्हणतात. सरकारी कामं करणारा. त्याच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी. त्याने काही न बोलता हात पुढे केला आणि एकेकाने आपला पासपोर्ट तिच्यात टाकला. भाजी घ्यावी इतकं ते साधं होतं. माझा पासपोर्ट पिशवीत पडला आणि मी मनात नंबर म्हणायला लागलो. चिपळूणच्या स्टँडवर अब्बा काय सांगत होते ते मला तिथे कळलं. कुवेतमध्ये मालक पळून गेला, त्याच्या कपाटात यांचा पासपोर्ट. वकिलातीच्या माणसासमोर उभं राहून न बघता नंबर सांगता आला म्हणून कागद मिळाला असणार. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी आपला जुळवलेला हा तर्क आहे, पण मला तो खरा वाटतो.

तिसऱ्या दिवशी दुसरा करार पुढे आला. अरबीत. सहाशे पन्नास दिरहाम. मी म्हटलं, मुंबईत नऊशे लिहिलं होतं. टेबलापलीकडचा सज्जनपणे म्हणाला, मुंबईचं मुंबईत. पस्तीस हजार देऊन आलेला माणूस सही करतो. मीही केली. पहिलं वर्षभर मी फक्त व्याज आणि मुद्दल फेडत होतो.

काम टाइमकीपरचं. सकाळी पाचला साइटवर उभं राहून हजेरी घ्यायची, ओव्हरटाइम लिहायचा. राहायला अल कूज भागातला कॅम्प. एका खोलीत बारा जण, दुमजली खाटा. पुढे काही वर्षांनी आम्हाला मुहैस्ना भागात हलवलं. त्या वस्तीला आपल्याकडचे लोक ‘सोनापूर’ म्हणतात. मुंबईचं मराठी ज्याला येतं त्याला सोनापूर म्हणजे काय ते सांगायला नको. पत्ता लिहून पाठवताना मी नुसता पोस्टबॉक्स नंबर लिहायचो. आईने सोनापूर वाचलं असतं तर रात्री झोपली नसती.

शुक्रवारी सुट्टी. सकाळी कपडे धुवायचे आणि नमाजनंतर पत्रं. माझं अक्षर चांगलं म्हणून माझ्या खाटेपाशी रांग लागायची. मराठी, हिंदी, उर्दू. साताऱ्याचा तो लाडूवाला, मंडणगडचे दोघं, बिहारचा एक सुतार. आठ वर्षांत मी किती पत्रं लिहिली याचा हिशेब नाही. आणि मंडळी, त्या सगळ्या पत्रांत एकच मजकूर असायचा. मी खुशाल आहे. खाणंपिणं चांगलं आहे. काम सावलीतलं आहे. साहेब चांगला आहे. ज्याच्या पाठीवर घामोळ्यांनी कातडी सोलली होती तो सांगायचा, ‘‘लिही, एसी आहे.’’ दुपारच्या उन्हात काम बंद ठेवायचा नियम पुढे आला, आमच्या वेळी नव्हता. मी लिहायचो. एसी होताच म्हणा, खोलीत होता. कोणी कॅसेट भरून पाठवायचे. सुट्टीवर जाणाऱ्याबरोबर. कॅसेट भरताना तर बाकीच्या अकरा जणांनी गप्प बसायचं अशी रीत होती. मागे भांडण ऐकू जायला नको.

मंडणगडच्या दोघांपैकी धाकटा एकदा परांचीवरून पडला. पाय मोडला. दवाखान्याचा खर्च कंपनीने केला, तेवढं मान्य केलं पाहिजे. पण घरी बसलेल्या दिवसांचा पगार नाही. त्याच्या नावापुढे रोज गैरहजर लिहायचं ते कोणी? मी. बेचाळीस दिवस मी त्याच्या नावापुढे काट मारली. आणि शुक्रवारी त्याच्याच खाटेशी बसून त्याच्या बायकोला लिहिलं, ‘सध्या ओव्हरटाइम फार आहे, बँकेत जायला सवड नाही, पैशाला उशीर होईल.’ त्याने सांगितलं आणि मी लिहिलं. शब्द मात्र माझे होते. तो नुसता ‘‘पैसे उशिरा येतील’’ म्हणाला होता, ओव्हरटाइमची कल्पना माझी. त्या माऊलीला ते पटलं असणार, कारण तिचं उत्तर आलं, ‘जास्त काम करू नका, तब्येतीला जपा.’ ते उत्तर त्याला वाचून मीच दाखवलं. मला लोक विचारतात, कविता लिहायला कुठे शिकलात. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो.

माझी घरची पत्रंही तशीच. नऊशेचे सहाशे पन्नास झाले हे मी कळवलं नाही. आई गावात नऊशेच सांगत राहिली. अब्बांचं उत्तर दर महिन्याला यायचं. बाकी मजकूर घरचा, शेवटी एक ओळ ठरलेली, ‘पत्र वाचले. अक्षर चांगले आहे.’ मजकुराबद्दल ते कधी काही लिहीत नसत. चौदा वर्षं तसलीच पत्रं लिहिलेला माणूस, तो मजकूर काय वाचणार?

बहिणीचं लग्न १९९५ साली झालं. मी नव्हतो. रजा मिळाली नाही असं कळवलं. खरं तर तिकिटाचे पैसे लग्नाला पाठवले होते.

२००१ साली मी कायमचा परत आलो. अब्बा आणि मी एका घरात पाच वर्षं राहिलो, २००६ साली ते गेले. दोघंही आखातात राहिलेले, पण दोघांत त्याबद्दल कधी बोलणं झालं नाही. एकदाच काय ते. २००३ साली इराकचं युद्ध टीव्हीवर दाखवत होते. जॉर्डनकडे जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना वाळू. अब्बा म्हणाले, ‘‘इथे पाण्याच्या बाटलीला घड्याळ दिलं.’’ आई भाकरी थापत होती. तिने तेरा वर्षं गर्दीत पडलेल्या घड्याळाची गोष्ट लोकांना सांगितली होती. तिने नुसतं वर बघितलं. अब्बांनी चॅनल बदललं.

आता भाच्याची गोष्ट. ज्या बहिणीच्या लग्नाला मी नव्हतो तिचा मुलगा. एसी आणि फ्रिजच्या कामाचा डिप्लोमा केलेला. २०२३ साली, पावसाळ्यानंतर, त्याला दोह्याला नोकरी लागली. निघायच्या चार दिवस आधी मला बोलावलं, मामूने चार गोष्टी सांगाव्यात म्हणून. पडवीत बसलो. मी ठरवूनच गेलो होतो की ‘बरं असतं’ म्हणायचं नाही. मी त्याला सगळं सांगितलं. प्लॅस्टिकची पिशवी, दुसरा करार, सहाशे पन्नास, मंडणगडचा पोरगा, त्याच्या नावापुढच्या काटा. तोही डिप्लोमावाला, म्हणजे त्याच्याही पासपोर्टला सरकारी मंजुरी लागत नाही, म्हणून एजंटाचं नाव सरकारच्या ई-मायग्रेटच्या यादीत आहे का ते आधी बघ म्हटलं. कोऱ्या कागदावर सही करू नको. कराराचा फोटो घरी ठेव.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘‘मामू, हे मला माहीत आहे. सगळं मोबाइलवर बघितलंय.’’ आणि उलट त्यानेच मला शिकवलं. कतारमध्ये २०२० पासून नोकरी बदलायला जुन्या मालकाचं पत्र लागत नाही. २०२१ पासून किमान पगार हजार रियाल ठरलाय. मालकाने पासपोर्ट ठेवून घेणं तिथल्या कायद्याला मान्य नाही. मी म्हटलं, कायद्याला मान्य नसलेलं कपाटात बंद होतंच की. तो हसला. म्हणाला, ‘‘मी व्हिडिओ कॉल करीन ना रोज.’’ मी म्हटलं, ‘‘करशील. पण मोबाइल कुठल्या भिंतीसमोर धरायचा ते तूच ठरवणार.’’ यावर मात्र तो काही बोलला नाही.

आमच्या लक्षातच आलं नव्हतं, बहीण आत चुलीपाशी होती आणि ऐकत होती. बाहेर आली. हातात घावण्याचं उलथनं तसंच. म्हणाली, ‘‘भाई, सहाशे पन्नास? हे माझ्या लग्नाच्या वेळचं?’’

मी हो म्हटलं.

‘‘आणि रजा मिळाली नाही म्हणालास ते?’’

मी मान खाली घातली. तिला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. ती चिडली. अठ्ठावीस वर्षं मी काय समजून बसले, म्हणाली. भाई तिकडे मजेत आहे, माझ्या लग्नालासुद्धा आला नाही, असं मी सासरी सांगत होते. मला सांगितलं असतंस तर मी एक हार कमी घेतला असता. दोन हार कमी घेतले असते. मला कोणी विचारलंच नाही. तुम्ही पुरुष मोठे आम्हाला सांभाळायला निघालात.

ती आत गेली. घावण्याचा करपल्याचा वास आला. भाचा माझ्याकडे बघत बसला आणि मी वळचणीकडे. माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आजही नाही. अब्बांनी सांगितलं असतं तर मी गेलो असतो का? गेलोच असतो, पस्तीस हजार कमी व्याजाने काढले असते कदाचित. मंडणगडच्या त्या बायकोला खरं कळवलं असतं तर तिने काय केलं असतं? काय करायचं ते तिने ठरवलं असतं. ते मी तिला ठरवू दिलं नाही.

सांताक्रूझच्या बाजूने नव्या टर्मिनलला आम्ही रात्री अकराला पोचलो. बहीण दोन दिवस माझ्याशी धड बोलली नव्हती. दारापुढे आत सोडत नाहीत, तिथेच निरोप घ्यायचा. तिने पोराच्या दंडाला इमामजामिन बांधला, शर्टाची बाही नीट केली. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, ‘‘पासपोर्टचा नंबर म्हण.’’

‘‘आई, फोनमध्ये फोटो आहे. ड्राइव्हवर पण टाकलाय.’’

‘‘फोन काढून घेतला तर? म्हण. न बघता.’’

आजूबाजूला लोक बघत होते. त्याने लाजत लाजत म्हटला. एक आकडा चुकला. तिने तो दुरुस्त केला आणि पुन्हा म्हणवून घेतला.